बेगल कोणत्या गावचा खरा?



वसंतातल्या व्याख्यानाला आलेल्या श्रोत्याने इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि घराणी यांची अपेक्षा करावी, हे स्वाभाविकच आहे. माझा आजचा विषय त्या मानाने अगदी लहान, तळहातावर मावेल एवढा आहे. तो एका पावाचा आहे. ह्या पावाचे नाव बेगल. आकार कड्यासारखा, मध्ये भोक, वरून चकचकीत तपकिरी, आतून घट्ट आणि चिवट. पोलंडमधील यहुदी वस्त्यांत तो वाढला, परागंदा झालेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेला, आणि आज न्यूयॉर्क, माँट्रिअल व लंडन ह्या तीन महानगरांत त्याच्यापायी मोठा वाद चालू आहे. आपल्या गावचा तो बेगल आणि दुसऱ्या गावचा तो नुसता भोक पाडलेला पाव, असे प्रत्येकाचे म्हणणे असते.

अशा वादाचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची, हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, ह्या प्रश्नांवर आपल्याकडे जिवाभावाचे मित्र जेवणाच्या पंगतीत एकमेकांवर उखडतात. पण आंब्याच्या वादाला माती आणि हवा यांचा काही आधार तरी असतो. बेगलच्या वादात मौज अशी की, तिथे गहू एकीकडून येतो, कारागीर दुसरीकडून आलेले असतात, आणि ज्या गावाचा अभिमान बाळगायचा त्या गावात हा पाव पोचून सव्वाशे-दीडशे वर्षेच झालेली असतात. मग हा अभिमान नेमका कशाचा? जिभेचा, पाण्याचा, कसबाचा, की आणखी कशाचा? हा एकच प्रश्न हाती धरून आज आपल्याला साडेसातशे वर्षांचा प्रवास करावयाचा आहे.

प्रथम हा पदार्थ कसा करतात ते समजून घेऊ; कारण त्याच्या करणीतच पुढच्या साऱ्या वादाचे बीज आहे. चिवटपणा देणारे ग्लूटेन ज्यात अधिक आहे असे गव्हाचे पीठ घेतात आणि थोडक्या पाण्यात त्याची घट्ट कणीक मळतात. तीत यीस्ट, मीठ आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा गोडसर अर्क, घालतात. कणकेची लांब वळी करून ती हाताच्या पंजाभोवती गुंडाळायची, दोन्ही टोके तळव्याखाली दाबून जुळवायची, की कडे तयार झाले. ही कडी काही तास, बहुधा रात्रभर, थंड जागी ठेवतात. थंडीत यीस्टचे काम मंदावते, पण आंबण्याने येणारी चव सावकाश मुरत राहते. मग ही कडी उकळत्या पाण्यात सोडतात, मिनिटभरात उलटून बाहेर काढतात आणि नंतर भट्टीत घालतात.

इतर पावांहून बेगल वेगळा पडतो तो ह्या उकळण्याने. उकळत्या पाण्यात वरच्या थरातील स्टार्च शिजतो आणि त्याची पातळ खळ पावाभोवती बसते. भट्टीत पाव फुगू पाहतो, पण हे कवच त्याला आवरून धरते. म्हणून आत घट्टपणा येतो आणि वर चकाकी येते. मधल्या भोकाचाही उपयोग आहे. दोरीत किंवा काठीवर ओवून फेरीवाल्याला तो दारोदार नेता येतो. थोडक्यात, हा गरिबाने करावा, गरिबाने विकावा आणि गरिबाने चावून चावून खावा असा पाव होता.

आता पोलंडकडे वळू. १२६४ साली ड्यूक बोलेस्लाव याने कालिश येथे आपल्या राज्यातील यहुद्यांना एक सनद दिली. त्या सनदेत, यहुद्यांनी ख्रिस्ती लोकांप्रमाणे पाव मोकळेपणाने विकत घ्यावा, विकावा आणि त्याला स्पर्श करावा, अशा अर्थाचे एक कलम आहे. ज्या समाजात तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील श्रोत्यांना ‘स्पर्श करावा’ ह्या दोन शब्दांचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. जे मुळातच सर्वांना मोकळे असते ते सनदेत लिहावे लागत नाही. सनदेची शाई वाळते न वाळते तोच, १२६७ साली, व्रोत्सवाफ येथील धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांकडून खाण्याचे जिन्नस विकत घेऊ नयेत असे फर्मावले. पाव कोणी भाजायचा आणि कोणी कोणाच्या हातचा खायचा, हा त्या काळी केवळ स्वयंपाकघरातला प्रश्न नव्हता. माणसाला समाजात कोठे उभे करायचे, हा तो प्रश्न होता.

क्राको हे पोलंडचे जुने राजधानीचे शहर. तेथे ओब्वाझानेक नावाचा कड्यासारखाच पाव आजही हातगाड्यांवर मिळतो. त्याच्या नावातच आधी पाण्यात उकळण्याची क्रिया आहे. कणकेच्या दोन-तीन वळ्यांना एकत्र पीळ देऊन तो करतात. १३९४ सालच्या राजदरबाराच्या हिशेबात राणी यादविगा हिच्यासाठी हा पाव आणल्याची नोंद सापडते. पुढे १४९६ मध्ये राजा यान ओल्ब्राख्त याने तो भाजण्याचा मक्ता क्राकोच्या पाव भाजणाऱ्यांच्या श्रेणीला दिला. बेगल हा त्याचाच भाऊबंद. ‘बेगल’ हा शब्द यहुद्यांच्या यिडिश भाषेतील आहे आणि त्याचे मूळ हातातले कडे ह्या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दात आहे. १६१० साली क्राकोच्या यहुदी समाजाने आपल्या लोकांनी समारंभात उधळपट्टी करू नये म्हणून काही नियम केले. मुलाच्या जन्माच्या प्रसंगी द्यावयाच्या खाद्यवस्तूंच्या संदर्भात त्या नियमांत बेगलचे नाव येते. बेगलचा आपल्याला माहीत असलेला हा सर्वांत जुना लेखी पुरावा आहे.

परंतु लोकांना अशा साध्या जन्मकथेने समाधान होत नाही. म्हणून दुसरी एक कथा प्रसिद्ध आहे. १६८३ साली पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने व्हिएन्नाचा तुर्कांचा वेढा उठवला. तेव्हा तेथील एका कृतज्ञ पाववाल्याने घोडेस्वार राजाच्या रिकिबीच्या आकाराचा पाव भाजून त्याला नजर केला, आणि रिकिबीच्या जर्मन नावावरून बेगल हे नाव पडले, अशी ती कथा आहे. कथा मोठी गोड आहे. फक्त त्र्याहत्तर वर्षे उशिरा घडलेली आहे! व्हिएन्नाला वेढा पडला तेव्हा क्राकोतल्या बाळंतिणींच्या घरी बेगल जाऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या होत्या. दंतकथेला राजा लागतो. दप्तराला बाळंतीण पुरते. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या दोहोंतला फरक नेहमी ध्यानात ठेवावा.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. बेगल हा यहुद्यांचा पाव म्हणून ओळखला जातो, पण तो सर्व यहुद्यांचा नव्हे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हे यहुदीच. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या घरी पिढ्यानुपिढ्या भात शिजला, नारळ खवला गेला, नवसाला मलिदा झाला; बेगलचे नावही त्यांच्या स्वयंपाकात नव्हते. म्हणजे बेगल हा धर्माने दिलेला पाव नाही, प्रदेशाने दिलेला पाव आहे. पूर्व युरोपातील गहू, तिथली थंडी आणि तिथली दाट वस्तीची लहान गावे यांचा तो आहे. गावाशी असलेले नाते त्याच्या जन्मापासूनचेच म्हणावे लागेल.

१८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्यानंतर रशियाच्या साम्राज्यात यहुद्यांविरुद्ध दंगलींची लाट उसळली. पोलंडचा मोठा भाग तेव्हा त्याच साम्राज्यात होता. दंगली आणि दारिद्र्य ह्या दोहोंनी पिडलेली माणसे जहाजांत बसली. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने आपले दार जवळजवळ लावून घेतले. तोपर्यंत सुमारे वीस लाख यहुदी पूर्व युरोपातून तेथे गेले. त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड ह्या भागात दाटीवाटीने राहिला. त्यांच्याबरोबर बेगल करणारेही गेले आणि त्यांनी इमारतींच्या तळघरांत भट्ट्या लावल्या. खिडकी नाही, वारा नाही, उकळत्या पाण्याची वाफ आणि भट्टीची धग यांत रात्रभर उभे राहून ते काम करावयाचे. पहाटे शहर जागे होई तेव्हा बेगल दुकानात गेलेला असे आणि भाजणारा घरी जाऊन झोपलेला असे.

ह्या कामगारांनी १९०७ च्या सुमारास आपली संघटना बांधली. पुढे ती पाव-कामगारांच्या युनियनची ३३८ क्रमांकाची शाखा म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे सभासद फार तर तीनशे, पण तिचा दरारा मोठा. चार माणसांचा एक संच असे. दोघे कडी वळीत, एक उकळत्या पाण्याच्या कढईवर उभा राही आणि एक भट्टी सांभाळी. चौसष्ट बेगलांची एक पेटी, आणि मजुरी पेट्यांच्या हिशेबाने मिळे. संघटनेत बाहेरच्या माणसाला सहजी प्रवेश नसे. मुलगा, जावई, पुतण्या असेल तरच त्याला हे काम शिकवीत. आपल्याकडे जशी गवयाची चीज घराण्याबाहेर जात नसे, तसेच हे बेगलचे घराणे होते. डिसेंबर १९५१ मध्ये मजुरीवरून तंटा लागला, तेव्हा न्यूयॉर्कमधील चौतीसपैकी बत्तीस बेगलभट्ट्या थंड पडल्या. बेगलचा दुष्काळ पडणार, असे मथळे वर्तमानपत्रांनी दिले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये सरकारी मध्यस्थाने समेट घडवून आणीपर्यंत रविवारच्या न्याहारीला लोक हळहळत राहिले. न्यूयॉर्कचे वृद्ध रहिवासी ज्याला ‘खरा बेगल’ म्हणतात तो ह्या तळघरातला, ह्या चार माणसांच्या हातचा बेगल. त्याच्या चवीत रात्रपाळीचा घाम होता, हे मात्र त्या आठवणीत सहसा येत नाही.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, कॅनडात, माँट्रिअल आहे. तिथला बेगल पाहिला तर दोघे एकाच आईची लेकरे असतील असे वाटत नाही. तो लहान, भोक मोठे, अंग बारीक. कणकेत मीठ नसते, अंडे असते. उकळायच्या पाण्यात मध घालतात. आणि भट्टी लाकडावर पेटवलेली असते. वर तीळ नाही तर खसखस भरपूर लावतात. म्हणून तो गोडसर लागतो आणि कुठे कुठे त्याला जळक्या लाकडाचा वास येतो. इसाडोर श्लाफमन ह्या पूर्व युरोपातून आलेल्या गृहस्थांनी तेथे १९१९ साली बेगलची भट्टी लावली. १९४९ पासून ती फेअरमाउंट रस्त्यावर आहे. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, सेंट व्हिएटर रस्त्यावर, १९५७ मध्ये दुसरी भट्टी सुरू झाली. ती सुरू करणारे मायर लेव्हकोविच हे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत बाहेर आलेले होते. ह्या दोन भट्ट्यांपैकी कोणती श्रेष्ठ, ह्यावर माँट्रिअलमध्ये घरोघर दोन पक्ष आहेत. पण न्यूयॉर्कचा माणूस समोर आला की ते दोन्ही पक्ष एक होतात! २००८ साली माँट्रिअलमध्ये वाढलेले अंतराळवीर ग्रेगरी शामिटॉफ अंतराळस्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी बरोबर फेअरमाउंटचे तीळ लावलेले अठरा बेगल नेले होते. पृथ्वी सोडली तरी गाव सुटत नाही, ते असे.

सेंट व्हिएटरच्या भट्टीची पुढची हकिकत तर अधिकच बोधप्रद आहे. तेथे १९६२ मध्ये जो मोरेना नावाचा एक इटालियन कुटुंबातला पोरगा कामाला लागला. लेव्हकोविच यांच्या हाताखाली तो कडी वळायला शिकला, भट्टीपुढे उभा राहायला शिकला, आणि १९९४ मध्ये त्या भट्टीचा मालक झाला. न यहुदी, न पोलंडचा. पण आज माँट्रिअलच्या बेगलचा वारसा सांगणाऱ्यांत त्याचे घराणे अग्रभागी आहे. रक्ताने न मिळालेला वारसा हाताने मिळवता येतो, याचे ह्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

लंडनमध्ये ह्या पावाला बायगल म्हणतात आणि तिथल्या ईस्ट एंडचा माणूस बेगल हा उच्चार ऐकला की कपाळाला आठ्या घालतो. तिथले यहुदीही त्याच १८८१ नंतरच्या लाटेत आलेले. त्यांच्या वस्तीतील ब्रिक लेन ह्या रस्त्यावर आज जवळजवळ भिंतीला भिंत लावून बायगलची दोन दुकाने आहेत. एकावर पिवळी पाटी, दुसऱ्यावर पांढरी. पिवळ्या पाटीचे दुकान आपला जन्म १८५५ चा सांगते; पांढऱ्या पाटीचे १९७४ मध्ये निघाले आणि ते दिवसरात्र उघडे असते. खारवलेले गोमांस आणि झणझणीत मोहरी घालून तिथे बायगल देतात. पाटीचा रंग पाहून रांग लावणारे निष्ठावंत दोन्हीकडे आहेत. त्याच रस्त्यावर एक इमारत आहे. ती १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८९८ मध्ये ती यहुद्यांचे सिनेगॉग झाली. आणि १९७६ पासून ती मशीद आहे, कारण यहुदी तेथून पांगले आणि बांगलादेशातले लोक येऊन राहिले. माणसे बदलली, प्रार्थना बदलल्या. पहाटेची बायगलची रांग मात्र राहिली.

आता न्यूयॉर्ककरांचा लाडका मुद्दा घेऊ. आमचा बेगल उत्तम, कारण आमचे पाणी उत्तम, असे ते सांगतात. कॅट्सकिल डोंगरातून येणारे त्यांचे पाणी खरोखरच हलके आहे. त्यात चुना आणि मॅग्नेशियम कमी असते. जड पाण्यातले क्षार कणकेतल्या ग्लूटेनला घट्ट करतात, हलक्या पाण्याने कणीक अधिक मऊ राहते, हेही खरे. पण इतिहासाला विचारावे तर तो निराळीच साक्ष देतो. कॅट्सकिलचे पाणी न्यूयॉर्कला पोचले ते १९१५ नंतर. त्याआधी शहराला मुख्यतः क्रोटन नदीचे पाणी मिळत असे. बेगलवाल्यांनी तळघरात भट्ट्या लावल्या आणि संघटनाही बांधली ती त्या क्रोटनच्या पाण्यावर. शिवाय माँट्रिअलचे आणि लंडनचे पाणी वेगळे असून तिथलेही लोक आपापल्या बेगलवर प्राण ओवाळून टाकतातच. तेव्हा पाण्याचा वाटा थोडासा असेल, पण सारे श्रेय त्याला देता येणार नाही. रात्रभरची थंडी, उकळते पाणी आणि जाणता हात ह्या तीन गोष्टींचा वाटा त्याहून मोठा आहे. तरीही न्यूयॉर्कसारखे पाणी यंत्राने तयार करून त्यावर बेगल विकणाऱ्या कंपन्या अमेरिकेत निघाल्या. कसब विकत घेण्यापेक्षा पाणी विकत घेणे केव्हाही सोपे!

ह्या जाणत्या हाताला आव्हान मिळाले ते यंत्राकडून. डॅनियल टॉमसन हे कॅनडात विनिपेग येथे जन्मलेले आणि एका बेगल करणाऱ्याचेच चिरंजीव. त्यांनी कडी वळणारे यंत्र तयार केले. हाताने काम करणारा कारागीर तासाला सुमारे सव्वाशे बेगल करी. टॉमसन यांच्या यंत्रावर कसब नसलेला एक माणूस चारशे काढू लागला. पोलंडमधील लुब्लिनहून आलेले हॅरी लेंडर यांची न्यू हेवन गावात बेकरी होती. त्यांच्या मुलांनी १९६३ मध्ये हे यंत्र भाड्याने घेतले, बेगल गोठवून पिशव्यांत भरले आणि ज्या गावांनी कधी यहुदी माणूस पाहिला नव्हता त्या गावांच्या दुकानांत नेऊन ठेवले. १९८४ साली ती बेकरी क्राफ्ट ह्या बड्या कंपनीने विकत घेतली. इकडे ३३८ क्रमांकाची शाखा सत्तरीच्या दशकाच्या आरंभी दुसऱ्या शाखेत विलीन झाली. ज्या विद्येवर तीनशे घरे चालली होती ती विद्या आता एका लोखंडी पेटीत बसली.

ह्याबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे योग्य होणार नाही. तळघरातली ती वाफ कोणाच्या मुलाच्या नशिबी यावी असे कोणता बाप म्हणेल? आणि संघटनेचे ते बंद दार बाहेरच्या कामगाराला अन्यायाचेच वाटत असणार. पण यंत्राने काय घेतले हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ कारखान्यांत उकळण्याऐवजी वाफेवर भागवू लागले. रात्रभराचा विसावा गेला. साठ ते ऐंशी ग्रॅमचा बेगल फुगत फुगत सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा झाला आणि भोक बुजत चालले. पूर्वी दात लागत, आता नुसते ओठ पुरतात. बेगल अमेरिकेच्या प्रत्येक गावी पोचला खरा, पण पोचताना वाटेत आपला हट्टीपणा सांडून गेला.

आणि नेमके तेव्हापासून ‘सर्वांत चांगला बेगल’ शोधण्याचे वेड वाढलेले दिसते. जोवर गल्लीत एकच भट्टी होती तोवर कोणी शोध घेत नव्हते. जे होते ते खात होते. चांगले हरवू लागते तेव्हाच त्याचा शोध सुरू होतो. ह्या शोधाला कधी कधी मोठे विनोदी रूप येते. मार्च २०१९ मध्ये सेंट लुइस शहरातल्या एका गृहस्थाने, आमच्याकडे बेगल असा कापतात, म्हणून पावाच्या लादीसारखे उभे काप केलेल्या बेगलांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यावर साऱ्या देशात असा गदारोळ झाला की, जणू राज्यघटनाच कापली! मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकाच्या समीक्षक तेजल राव यांनी, सर्वांत चांगले बेगल कॅलिफोर्नियात मिळतात, असे लिहिले. आणि आपल्याच गावच्या दैनिकाने केलेली ही फितुरी न्यूयॉर्ककरांना फार झोंबली. न्यूयॉर्क राज्यात तर अख्खा बेगल बांधून नेला तर विक्रीकर नाही आणि दुकानदाराने सुरी लावली की कर पडतो, असा नियम आहे. १२६४ मध्ये पावाला शिवण्याचा कायदा करावा लागला आणि आज कापण्याचा. सात शतकांत एवढी प्रगती झाली म्हणायची.

पण हे सारे हसण्यावारी नेताना एक गोष्ट विसरता येणार नाही. श्रेष्ठ कोण, असा वाद भावंडांत लागला तर आपण म्हणतो, आईला विचारा. बेगलच्या बाबतीत ती सोय राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास यहुदी होते. त्यांतील सुमारे तीस लाख नाझींनी मारले. क्राकोच्या लोकसंख्येत चौथा हिस्सा यहुद्यांचा होता. मार्च १९४३ मध्ये तिथली कोंडवाड्यासारखी केलेली त्यांची वस्ती नाहीशी करण्यात आली. न्यूयॉर्कच्या मिमी शेरेटन ह्या खाद्यपदार्थांच्या नामवंत समीक्षक बेगलच्याच एका भावंडाचा, बियाली ह्या कांदा घातलेल्या चपट्या पावाचा, माग काढीत पोलंडमधील बियालिस्टोक ह्या त्याच्या जन्मगावी गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या गावात निम्म्याहून अधिक वस्ती यहुद्यांची होती. ऑगस्ट १९४३ मध्ये तेथील उरलेल्या लोकांनी हाती लागेल ते घेऊन नाझींना प्रतिकार केला आणि ते संपले. शेरेटन तेथे गेल्या तेव्हा तो पाव भाजणारा त्यांना आढळला नाही. मग जगभर पांगलेल्या बियालिस्टोकच्या माणसांना भेटून त्यांनी त्या पावाच्या आठवणी गोळा केल्या आणि २००० साली त्याचे पुस्तक झाले. पाव शोधायला निघालेल्या बाईंना गावच हरवलेले सापडले.

आज क्राकोत जुन्या यहुदी वस्तीच्या भागात बेगल पुन्हा मिळू लागला आहे, पण तो अमेरिकन धर्तीचा. लेक माहेरी आली, पण माहेरचे कोणी उरले नाही आणि तिची बोलीही सासरची झाली. क्राकोच्या हातगाडीवरचा ओब्वाझानेक मात्र सुखरूप आहे. २०१० साली युरोपीय संघाने त्याला भौगोलिक नावाचे संरक्षण दिले, आणि आता त्या नावाने तो क्राको व लगतच्या परिसरातच करता येतो. बेगलला असे संरक्षण कोणत्या गावाच्या नावाने द्यावयाचे? त्याच्या दप्तरात तर गावांची नावे लिहून लिहून खोडलेली आहेत.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कोणत्या गावचा बेगल उत्तम, हे पाण्यावरून ठरत नाही आणि जन्मपत्रिकेवरूनही ठरत नाही. ज्या गावात कणकेला रात्रभर विसावा देतात, तिला उकळत्या पाण्यातून काढतात आणि कडे वळणाऱ्या हाताला योग्य मजुरी देतात, त्या गावचा बेगल उत्तम. मग ते गाव कोणत्याही खंडातले असो. एवढ्याने चवीचा निकाल लागतो. पण निष्ठेचा निकाल लागत नाही, आणि लागूही नये. न्यूयॉर्कचा माणूस आपल्या बेगलसाठी भांडतो तेव्हा तो आपल्या आजोबांच्या तळघरासाठी भांडत असतो. माँट्रिअलचा माणूस भांडतो तेव्हा छळछावणीतून वाचून आलेल्या एका माणसाने पेटवलेल्या भट्टीसाठी भांडत असतो. ज्यांची मूळ गावे नकाशावर आहेत पण तिथली माणसे नाहीत, त्यांनी नव्या गावाला घट्ट धरून ठेवले तर त्यात संकुचितपणा पाहणे मला जमत नाही.

मात्र ह्या निष्ठेला एक कसोटी लावावी. ती दार बंद करते की हात शिकवते? तीनशे घरांनी आपली विद्या घराबाहेर जाऊ दिली नाही. ती यंत्राने नेली. लेव्हकोविच यांनी ती एका परक्या मुलाच्या हाती दिली आणि ती त्या भट्टीत आजही जळते आहे. आपल्याही गावोगावी अशा कित्येक गोष्टी आहेत, ज्यांचा आपण अभिमान पुष्कळ धरतो, पण ज्या करणाऱ्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नसतात आणि त्यांच्याकडून शिकायला कोणी जात नाही. पुढच्या वेळी आमच्या गावचे ते खरे, असे म्हणताना, ते करते कोण आणि त्याच्याजवळ शिकते कोण, एवढे आपण विचारावे. त्या उत्तरावरच ते गावचे आणखी किती दिवस राहणार, हे अवलंबून आहे.